सहाशे वर्षांपूर्वीची वेडी माणसे आणि त्यांचा सांभाळ

यंदाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकामाचे नमुने आणि कविता भरपूर आल्या आहेत, एखादा इतिहासाचा लेख हवा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. वाचनवर्गात मी अधूनमधून सांगत असते तीच हकीगत लिहून काढण्याचा हुकूम मला झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मराठी पुस्तके मी स्वतः वाचते आणि इंग्रजी असतील ती माझी भाची वाचून मला मराठीत समजावून सांगते. तेव्हा भाषेत काही उणेअधिक दिसल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

जुन्या काळी वेड्या माणसांचे काय करीत असत, असे कोणाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. भूत लागले म्हणून झोडपीत, साखळदंडाने बांधीत, नाहीतर गावाबाहेर हाकलून देत. हे सगळे होत होते यात शंका नाही. परंतु एवढेच होत होते असे मात्र नाही. इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकात वेड्या माणसासाठी चांगला विचार करून केलेला कायदा होता, आणि तो वाचताना मला राहून राहून नवल वाटले.

त्या कायद्याने वेड्यांचे दोन वर्ग केले होते. जन्मापासून ज्याला समज नाही तो एक, आणि चांगला शहाणासुरता असून पुढे ज्याची बुद्धी गेली तो दुसरा. या दुसऱ्याला मधूनमधून शुद्ध येते, चंद्राच्या कलांप्रमाणे त्याचे वेड वाढते-घटते असा लोकांचा समज होता, आणि त्यावरूनच त्यांच्या भाषेत अशा माणसाला ‘चंद्रा’शी जोडलेले नाव पडले. राजाचे हक्क सांगणारा एक जुना लेख त्या काळापासून चालत आला आहे. त्यात असे दिले आहे की, जन्मतः मंद असलेल्या माणसाची जमीन राजाने ताब्यात घ्यावी, तिचे उत्पन्नही राजाने घ्यावे, मात्र जमिनीची नासाडी करू नये, त्या माणसाला अन्नवस्त्र पुरवावे, आणि तो मेला की जमीन खऱ्या वारसाला परत द्यावी. पण जो मागाहून वेडा झाला, त्याच्या बाबतीत राजाने स्वतःसाठी एक पैही घ्यावयाची नाही. त्याच्या उत्पन्नातून त्याला आणि त्याच्या घरच्यांना पोसावे, उरेल ते जपून ठेवावे आणि तो बरा झाला की सर्व त्याच्या हाती परत द्यावे.

‘बरा झाला की’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. वेड लागलेला माणूस पुन्हा चांगला होऊ शकतो, हे गृहीत धरूनच तो कायदा केलेला होता. आपल्याकडे आजसुद्धा एकदा शिक्का बसला की बसला.

अमका माणूस वेडा आहे हे ठरविणार कोण? नुसते भाऊबंदांनी म्हणून भागत नसे. राजाचा अधिकारी गावातील माणसे पंच म्हणून बसवी, त्यांना शपथ घाली आणि चौकशी करी. कधीपासून वेड लागले, कशाने लागले, मधून शुद्ध येते का, जमीनजुमला किती, वारस कोण, हे सर्व लिहून घेत. पुष्कळ ठिकाणी कारण म्हणून ताप, दुखणे, डोक्याला लागलेला मार किंवा घाबरणे असे साधेच दिले आहे. भुताखेताचा उल्लेख मी समजत होते त्यापेक्षा फार थोडा सापडतो. अर्थात हे सगळे ज्याला जमीन आहे त्याच्यासाठी. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठी राजाचा अधिकारी कशाला धावत येईल? तो आपल्या घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या दयेवर, नाहीतर देवळाच्या दारी.

आता एका बाईची हकीगत सांगते. इंग्लंडच्या पूर्वेकडे समुद्राजवळ लिन नावाचे व्यापारी शहर आहे. आज त्याला किंग्ज लिन म्हणतात, तेव्हा ते बिशपचे लिन होते. तेथे एमा डी बेस्टन नावाची विधवा राहात असे. तिच्या नावावर मालमत्ता होती. १३७८ साली तिच्या वेडाबद्दल सरकारात चौकशी झाली आणि पंचांनी सांगितले की, ती जन्मापासून अशी नाही, काही वर्षांपूर्वी दुष्ट शक्तींच्या कपटामुळे तिची बुद्धी गेली. (साधे कारण न देणाऱ्या थोड्या चौकशांपैकी ही एक!) पुढे तिचा आणि तिच्या मालमत्तेचा ताबा कोणाकडे असावा यावरून तंटा लागला. तंटा लागणारच. वेड्या माणसाला सांभाळायला कोणी पुढे येत नाही, पण त्याच्या घराची भाडी सांभाळायला पाच जण येतात. हा अनुभव इंग्लंडातला काय किंवा आपला काय, सारखाच.

शेवटी १३८३ साली एमाला समोर बसवून प्रश्न विचारण्यात आले, आणि ते प्रश्न व तिची उत्तरे कागदावर उतरून ठेवली गेली. सहाशेचाळीस वर्षांनी ती आपल्याला वाचायला मिळतात हे केवढे आश्चर्य! तू कोठून आलीस, असे विचारले, तिला सांगता आले नाही. आता कोणत्या गावात आहेस, तर म्हणाली, ईलीत. ती तर लिनमध्येच होती. शुक्रवार म्हणजे कोणता दिवस, ठाऊक नाही. आठवड्याचे वार किती, तर सात, हे बरोबर सांगितले, पण वारांची नावे येईनात. नवरे किती झाले, तर तीन, त्यातल्या एकाचेच नाव आठवले. मूलबाळ झाले का, तर एक मुलगा झाला, पण त्याचे नाव काय ते तिला सांगता आले नाही.

येथपर्यंत वाचून भाची थांबली आणि मीही काही बोलले नाही.

मग हिशेबाचे प्रश्न. चाळीस पेन्सांचे शिलिंग किती? बारा पेन्सांचा एक शिलिंग, तेव्हा तीन शिलिंग आणि वर चार पेन्स. एमाला आले नाही. चांदीचे वीस ग्रोट घेशील की चाळीस पेन्स? ग्रोट म्हणजे चार पेन्सांचे नाणे, तेव्हा वीस ग्रोटांचे ऐंशी पेन्स होतात, म्हणजे दुप्पट. एमा म्हणाली, दोन्ही सारखेच. यावरून ठरले की तिला स्वतःला, जमिनीला आणि मालाला सांभाळण्याइतकी बुद्धी व स्मरण नाही. तिचा चेहराही मंद माणसासारखा दिसतो, असा शेरा वर मारला. चेहऱ्यावरून कसली परीक्षा करायची, हे माझ्या मनाला पटले नाही. पण प्रश्न मात्र शहाणपणाचे होते. तिला त्यांनी देवाधर्मावर किंवा शास्त्रावर काही विचारले नाही. गाव, वार, नवरा, मूल आणि बाजारातली मोड, एवढेच. रोज घर चालविणाऱ्या बाईला जे यावे लागते तेच विचारले. आपल्यापैकी कोणी मोड मोजताना चुकते ती वेडी ठरली असती असे समजून घाबरू नये! सगळी उत्तरे एकत्र धरून त्यांनी निकाल दिला होता.

आता आपल्या घरचा कायदा पाहू. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता. हे कल्याण म्हणजे आपले मुंबईजवळचे नव्हे, तर बिदरजवळचे बसवकल्याण. या राजाच्या पदरी विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिली आणि महाराष्ट्रात वाटण्या-वारसाच्या बाबतीत तीच पुढे शेकडो वर्षे प्रमाण मानली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाटण्या तिच्याच आधाराने झालेल्या आहेत, म्हणून तिची माहिती आपल्याला असावी.

त्यात उन्मत्त, म्हणजे वेडा, आणि जड, म्हणजे मंदबुद्धीचा, यांना आंधळ्या-पांगळ्यांच्या रांगेत बसवून सांगितले आहे की त्यांना वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाही. मात्र त्यांना पोसलेच पाहिजे. मनुस्मृतीनेही तेच सांगितले असून, जो त्यांना अन्नवस्त्र देणार नाही तो पतित होतो, असे बजाविले आहे. वेड्याचा मुलगा निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळतो. मुलीला लग्न होईपर्यंत पोसावे. आणि पुत्रहीन बायको? तिला पोसावे, पण वागणूक चांगली असेल तर! नाहीतर घराबाहेर. वेड लागले नवऱ्याला आणि परीक्षा बायकोची, हे वाचून मला राग आल्यावाचून राहिला नाही. मनूने त्यातल्या त्यात एक बरे सांगितले आहे की, नवरा वेडा असला आणि बायकोला तो नकोसा झाला, तरी तिला टाकू नये आणि तिचे धन काढून घेऊ नये.

तथापि विज्ञानेश्वराच्या न्यायबुद्धीचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाटणी झाल्यानंतर औषधोपचाराने तो माणूस बरा झाला, तर त्याला त्याचा वाटा मिळावा, वाटणीनंतर जन्मलेल्या मुलाला मिळतो तसा, असे तो म्हणतो. म्हणजे बरे होण्याचा विचार त्यानेही केला होता. दोन्ही कायदे शेजारी ठेवून मी पुष्कळ विचार केला. इंग्रजांच्या कायद्यात मालमत्ता वेड्याचीच राहते आणि दुसरा कोणी ती सांभाळतो. आपल्या कायद्यात मालमत्ता भावांची होते आणि त्यांनी त्याला जेवू घालायचे. कागदावर इंग्रजांचा बरा दिसतो. पण तिकडे सांभाळणारा परका असू शकतो, आणि इकडे माणूस आपल्याच घरात, आपल्याच ओटीवर राहतो. ओटीवर कसा राहतो हे पुन्हा घराघरावर अवलंबून. आयते जेवणारा म्हणून ताटात काय पडते हे आपण सर्वजणी जाणतो.

ही वाट्याची आडकाठी आपल्याकडे फार उशिरा सुटली. १९२८ साली कायदा होऊन बाकीची बहुतेक व्यंगे वगळली गेली, पण जन्मापासून वेडा किंवा मंद असलेल्याला तेव्हाही वाटा मिळाला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे वारसा जात नाही असे ठरविले. ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण भाऊबंद अजूनही जुनाच कायदा सांगतात.

कायद्याबाहेर लोक कसे वागत, हेही थोडे सांगते. त्याच तेराव्या शतकात वऱ्हाडात रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. ते चक्रधरस्वामींचे गुरू, आणि महानुभाव त्यांना ईश्वराचा अवतार मानतात. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आहेत. गावातले लोक त्यांना वेडे, पिसे म्हणत. ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते खात, मनाला येईल तसे वागत. पण गाव त्यांना हाकलीत नसे. बायका त्यांना बोलावून जेवू घालीत आणि आपली दुःखे त्यांच्यापाशी सांगत. मी त्यांना रोग्यांत धरते असे कोणी समजू नये. माझे म्हणणे एवढेच की, जगावेगळे वागणाऱ्या माणसाला आपल्या अंगणात येऊ देण्याची गावाची रीत होती.

तिकडे बेल्जममध्ये गील नावाचे गाव आहे. वेड्यांची रक्षण करणारी मानलेली संत डिम्फ्ना हिचे तेथे देऊळ आहे. लांबून लोक आपली वेडी माणसे नवसाला आणीत. देवळात जागा पुरेनाशी झाली तेव्हा गावकरी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेऊ लागले आणि ती माणसे घरातलीच एक होऊन शेतात, स्वयंपाकघरात जमेल ते काम करू लागली. ही प्रथा त्या गावात आजतागायत आहे, फक्त आता डॉक्टरांची देखरेख असते.

खुनासारखा गुन्हा वेड्याच्या हातून घडला तर इंग्लंडात त्याला फाशी देत नसत. त्याला तुरुंगात ठेवीत आणि राजाकडे क्षमा मागत. मग नातलगांनी सांभाळण्याची हमी दिली तर त्यांच्या हवाली करीत.

आणि वेड्यांचे इस्पितळ? लंडनला बेथलेमचे इस्पितळ १२४७ साली सायमन फिट्झमेरी नावाच्या गृहस्थाने दिलेल्या जागेवर मठ म्हणून सुरू झाले, वेड्यांसाठी नव्हे. पुढे तेथे वेडी माणसे ठेवू लागले. १४०३ साली राजाच्या माणसांनी तेथे चौकशी केली तेव्हा सहा वेडे पुरुष होते. एवढ्या मोठ्या लंडनात सहा! म्हणजे बाकीचे सगळे घरीच होते हे उघड आहे. तेथल्या सामानाची १३९८ ची यादी मिळते, तीत हातबेड्यांचे चार जोड, अकरा साखळ्या, सहा कुलुपे आणि दोन खोडे आहेत. रोग्यांपेक्षा साखळ्या जास्त. शिवाय पीटर टॅव्हर्नर नावाचा तेथला दरवान दानधर्माचे पैसे व सामान खाऊन बसला होता, म्हणूनच ती चौकशी झाली. साखळीची रीत आपल्याकडेही पुष्कळ चालली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केलेली आहे.

आता पुन्हा लिन शहराकडे येते, कारण खरी हकीगत पुढेच आहे. एमाची तपासणी झाली तेव्हा त्याच गावात दहाएक वर्षांची एक मुलगी होती, मार्जरी. तिचे वडील जॉन ब्रनहॅम गावचे प्रमुख गृहस्थ, पाच वेळा नगराध्यक्ष झालेले. विसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १३९३ च्या आसपास, तिचे जॉन केम्प याच्याशी लग्न झाले आणि लवकरच पहिले मूल झाले. बाळंतपण फार जड गेले. आपण वाचत नाही असे वाटून तिने धर्मगुरूला बोलावले, मनात दडवून ठेवलेले एक पाप सांगू लागली. पण तिचे बोलणे संपण्यापूर्वीच तो रागावला. ती गप्प झाली, आणि तेव्हापासून तिचे भान सुटले. आपण ज्याला बाळंतवात म्हणतो तोच हा प्रकार. अर्धे वर्ष, आठ आठवडे आणि वर काही दिवस, असा तिने स्वतः हिशेब दिला आहे. तिला तोंडातून आग ओकणारे सैतान दिसत. तिने स्वतःचा हात इतका चावला की त्याची खूण जन्मभर राहिली. छातीवरची कातडी नखांनी ओरबाडली. म्हणून तिला रात्रंदिवस बांधून ठेवीत आणि पहाऱ्याला माणसे बसवीत.

मग एके दिवशी तिला येशू ख्रिस्त आपल्या बिछान्याशी बसलेला दिसला, त्याने तिला धीर दिला आणि तिचे मन स्थिर झाले, असे ती सांगते. शुद्धीवर येताच तिने पहिली गोष्ट कोणती मागितली असेल? मूल नव्हे, नवे कपडे नव्हेत. नवऱ्याकडे तिने कोठीच्या किल्ल्या मागितल्या, म्हणजे पूर्वीसारखे आपले अन्न आपण घेता येईल. मोलकरणी आणि पहारेकरी म्हणू लागले, देऊ नका, आहे नाही ते सगळे उधळून टाकील. पण नवऱ्याला तिची दया आली. त्याने सांगितले, किल्ल्या द्या. मग ती जेवली, घरची माणसे तिला ओळखू आली आणि ती पूर्वीप्रमाणे कामाला लागली.

हे ऐकले तेव्हा मला माझ्या माहेरच्या आळीतील एक सून आठवली. तिलाही असाच बाळंतवात झाला होता. खांबाला बांधले, अंगारे-धुपारे झाले, शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांच्या औषधाने ती चार-सहा महिन्यांत चांगली झाली. धुणी-भांडी, पाणी, शेण, सगळी कामे तिच्याकडे आली. पण कोठीची किल्ली आली नाही. सासू रोजचे तांदूळ मोजून तिच्या पुढ्यात ठेवी, काड्यांची पेटी आपल्याजवळ ठेवी. मूल तिच्याजवळ निजू देत नसत. तिचे मूल दहा वर्षांचे झाले तरी हेच चालू होते. ती कधी भांडली नाही. एकदा माझ्या आईला एवढेच म्हणाली, काकू, मी बरी झाले हे यांना कोण सांगणार? लिनमधल्या जॉन केम्पने मोलकरणींचे न ऐकता जे केले, ते करणारा त्या घरात कोणी नव्हता.

मार्जरीला पुढे एकंदर चौदा मुले झाली. तिने बीअर गाळण्याचा धंदा केला, तो बुडाला. घोड्याने ओढायची चक्की चालविली, तीही बुडाली. नंतर ती देवाच्या मार्गाला लागली आणि जेरुसलेम, रोम अशा लांबलांबच्या यात्रा केल्या. देवळात ती इतकी मोठ्याने रडे की पुष्कळ लोक तिला कंटाळत, ढोंगी म्हणत. तिला लिहिता येत नव्हते. म्हातारपणी, १४३० नंतर, तिने आपली सगळी हकीगत दुसऱ्याकडून लिहवून घेतली. ते बाड शेकडो वर्षे कोणाला माहीत नव्हते. १९३४ साली इंग्लंडातल्या एका घरात ते सापडले. साक्षर नसलेल्या बाईचे आत्मचरित्र! आपल्या प्रौढवर्गातल्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

त्याच बाडात पुढे एक प्रसंग आहे. मार्जरी देवळात बसली असता एक माणूस गुडघे टेकून हात चोळीत बसलेला तिला दिसला. काय झाले म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, माझी बायको नुकतीच बाळंत झाली आहे आणि तिला वेड लागले आहे. ती मला ओळखत नाही, शेजारणींना ओळखत नाही, ओरडते, मारते, चावते. तिच्या मनगटांना बेड्या घालाव्या लागल्या आहेत. मार्जरी उठून त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेली.

मार्जरीला पाहताच ती बाई शहाण्यासारखे बोलू लागली. तुम्ही आल्याने मला बरे वाटते, तुमच्याभोवती देवदूत दिसतात, जाऊ नका, असे म्हणाली. दुसरे कोणी आले की मात्र तिला त्यांच्याभोवती सैतान दिसत आणि ती किंचाळू लागे. तिच्या ओरडण्याचा लोकांना फार त्रास होऊ लागला, म्हणून तिला गावाच्या टोकाला एका खोलीत नेऊन हातापायांत साखळ्या घालून ठेवले. लोक तिकडे फिरकेनासे झाले. मार्जरी रोज एकदा तरी, कधी दोनदा तिच्याकडे जाई. जवळ बसे, तिचे बोलणे ऐकून घेई, तिच्यासाठी प्रार्थना करी. मार्जरी असेपर्यंत ती बाई शांत असे.

असे किती दिवस चालले हे बाडात दिलेले नाही. शेवटी ती बाई पूर्ण शुद्धीवर आली. मग तिला साखळ्यांतून सोडविले आणि बाळंतिणीने देवळात जाऊन शुद्ध होण्याचा त्यांच्याकडे जो विधी असे, त्यासाठी इतर बायकांप्रमाणे तिला देवळात नेले.